एका कागदावर आठ चेहरे

जून उजाडला की नागपुरात दोन वस्तूंचा खप एकाएकी वाढतो : छत्र्यांचा आणि पासपोर्ट आकाराच्या फोटोंचा. अकरावीचा प्रवेश, वसतिगृहाचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, वाचनालयाचे सभासदत्व, बसचा पास, या प्रत्येकाला दोन-दोन, चार-चार फोटो लागतात. जैन समाजाला २०१४ च्या जानेवारीत केंद्राकडून अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यापासून आपल्या घरांत शिष्यवृत्तीच्या अर्जांचीही भर पडली आहे. ऐन वेळी शोधावे तर मागच्या वर्षीच्या पाकिटात एकच फोटो उरलेला असतो, तोही कोपरा दुमडलेला. मग सीताबर्डी, महाल, इतवारी किंवा सदर, जे जवळ असेल तेथील ‘पाच मिनिटांत फोटो’ अशी पाटी लावलेले दुकान गाठावे लागते.

या पाच मिनिटांचा हिशेब मोठा मनोरंजक आहे. प्रत्यक्ष फोटो काढायला अर्धे मिनिटही लागत नाही. उरलेला वेळ चार कामांत जातो : चेहरा नेमक्या मापात कापून घेणे, पार्श्वभूमी पांढरी करणे, तोच चेहरा एका कागदावर ओळीने मांडणे आणि छापून झाल्यावर फोटो सुटे करणे. यांतले तिसरे काम, म्हणजे मांडणी, निव्वळ गणिताचे आहे. तिथे ना नजरेची पारख लागते, ना हाताचे कसब. तरीही कित्येक दुकानांत ते आजही हातानेच चालते. ऑपरेटर फोटोशॉप उघडतो, कोरा कागद घेतो, फोटोची एक प्रत ओढून ठेवतो, दुसरी ओढतो, रेषेत आणतो, मग तिसरी. हंगामात हेच दिवसभर. हे काम संगणकाकडे सोपवणे अवघड नाही. सोपवताना काय सांभाळावे आणि सोपवल्यावर दुकानात काय उरते, हे मात्र पाहण्यासारखे आहे. कारण समाजातील अनेक कुटुंबांचे झेरॉक्सचे, स्टेशनरीचे आणि फोटोचे दुकान एकाच छताखाली चालते, आणि जूनची कमाई त्यांच्या वर्षाच्या गणितात मोठी असते.

एका कागदावर अनेक चेहरे मांडण्याची युक्ती संगणकाहून फार जुनी आहे. पॅरिसमधील छायाचित्रकार आंद्रे दिस्देरी याने १८५४ साली तिचे पेटंट घेतले. एका छबीसाठी एक अख्खी काच खर्ची घालणे महाग पडते, हे त्याने हेरले होते. अनेक भिंगांचा कॅमेरा आणि सरकती चौकट वापरून त्याने एकाच काचेवर आठ छबी घेण्याची सोय केली. कागद एकदाच छापायचा, आठ तुकडे करायचे आणि पुठ्ठ्यावर चिकटवायचे. भेटकार्डाएवढी ही छायाचित्रे युरोपभर पसरली, आणि ज्यांना चित्रकारासमोर बसणे कधीच परवडले नसते अशा माणसांनाही आपली छबी मिळाली. आठ हा आकडा लक्षात ठेवावा. तो पुन्हा येणार आहे.

सरकारी कागदावर फोटो चिकटू लागला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात, सीमेवर माणूस ओळखण्याच्या गरजेपोटी. हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा १९२० मध्ये झाला. परंतु सामान्य घराला ओळखीच्या फोटोची खरी गाठ पडली ती १९९३ नंतर. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी त्या वर्षी मतदार छायाचित्र ओळखपत्राचा आग्रह धरला, आणि आयुष्यात क्वचितच कॅमेऱ्यासमोर बसलेल्या आजी-आजोबांनाही त्या निमित्ताने खुर्चीवर सरळ बसावे लागले. त्या काळी दुकानदार निगेटिव्ह सांभाळून ठेवीत असे आणि पाकिटावर क्रमांक लिहून देत असे. पुढच्या वेळी क्रमांक सांगितला की नव्या प्रती तयार. आज निगेटिव्हची जागा फाइलने घेतली आहे, पण क्रमांक लिहून देण्याची शिस्त मात्र हरवली. तिच्याविना पुढे काय गोंधळ होतो, ते ओघाने येईलच.

आता गणित. आपल्याकडे सर्वसाधारण पासपोर्ट फोटो ३.५ सेंटिमीटर रुंद आणि ४.५ सेंटिमीटर उंच असतो. दुकानातला नेहमीचा कागद चार बाय सहा इंचांचा, म्हणजे १०१.६ बाय १५२.४ मिलिमीटरचा. हा कागद उभा धरला तर रुंदीत तीन फोटो बसत नाहीत. तिघांना १०५ मिलिमीटर हवेत आणि जागा ३.४ मिलिमीटरने कमी पडते. म्हणून रुंदीत दोन आणि उंचीत तीन, असे सहाच मावतात. तोच कागद आडवा केला की एका ओळीत चार फोटोंना १४० मिलिमीटर पुरतात, दोन ओळींना ९० पुरतात, आणि आठ फोटो आरामात बसतात. दिस्देरीच्या काचेवरचे आठ ते हेच, निराळ्या वाटेने आलेले. कागद नुसता फिरवल्याने दोन फोटो वाढतात, ही गोष्ट अनुभवी ऑपरेटरला तोंडपाठ असते. संगणकाला मात्र ती सांगावी लागते, किंवा दोन्ही बाजूंनी मोजून पाहायला शिकवावी लागते.

छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके हे प्रमाण धरले, तर आडवा कागद १८०० बाय १२०० ठिपक्यांचा होतो आणि फोटो ४१३ बाय ५३१ ठिपक्यांचा. दोन फोटोंमध्ये कापण्यासाठी दोन मिलिमीटर, म्हणजे २४ ठिपके सोडले, तर चार फोटो आणि तीन फटी मिळून १७२४ ठिपके होतात. उरलेले ७६ ठिपके दोन्ही कडांना ३८-३८ असे वाटून द्यायचे. उंचीत १०८६ ठिपके लागतात आणि वर-खाली ५७-५७ उरतात. यापलीकडे मांडणीत काहीही नाही. जो हिशेब एकदा कागदावर केला की कायमचा संपतो, तो दुकानात दिवसभर हाताने नव्याने केला जातो.

पॅन कार्डाच्या कागदी अर्जाला लागणारा फोटो २.५ बाय ३.५ सेंटिमीटरचा. तिथे हिशेब अधिक चुरशीचा होतो. दोन मिलिमीटरच्या फटी सोडल्या तर कागदावर बारा फोटो येतात. फटी काढून टाकल्या, फोटो एकमेकांना भिडवले, तर तेवढ्याच कागदावर सोळा बसतात. पण मग कापणाऱ्याचा हात पक्का हवा, कारण एकाच काटाने दोन्ही बाजूंचे फोटो सुटणार असतात आणि कागदाच्या कडेला जेमतेम पाऊण मिलिमीटर उरतो. यंत्र सोळा म्हणते, कात्री बारा म्हणते. अशा वादात कात्रीचे ऐकावे.

अमेरिकेच्या व्हिसाचा फोटो दोन इंच चौरस असतो. चार बाय सहाच्या कागदावर तसे सहा फोटो कागदावरच्या कागदावर अगदी नेमके बसतात, एक रेघही न उरता. आणि म्हणूनच प्रत्यक्षात बसत नाहीत. कडेपर्यंत छापणारा प्रिंटर चित्र किंचित मोठे करून कडा बाहेर जाऊ देतो. त्यात बाहेरच्या फोटोंची एक-एक बाजू कापली जाते. ज्यांची मुले पुण्या-मुंबईहून नव्हे, तर थेट नागपुरातून परदेशी शिकायला निघाली आहेत, त्यांनी असे फोटो दुकानातून घेताना पट्टी लावून पाहावी.

संगणकाला हे काम शिकवण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली, नोंद करून ठेवण्याची. फोटोशॉपच्या १९९६ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ‘अ‍ॅक्शन’ ही सोय आहे. एकदा सर्व पायऱ्या हाताने करायच्या आणि संगणकाने त्या टिपून घ्यायच्या; पुढे एक कळ दाबली की त्याच पायऱ्या त्याच क्रमाने घडतात. ‘बॅच’ची जोड दिली की एका फोल्डरमधील सगळ्या फोटोंवर तेच काम आपोआप होते. मात्र नोंद ही पाठांतरासारखी असते. पाठ केलेल्या मुलाला प्रश्न थोडा फिरवून विचारला की तो अडतो, तसेच इथे होते. नोंद करताना समोरचा फोटो ४१३ बाय ५३१ ठिपक्यांचा असेल आणि पुढचा मोबाइलवरून आलेला चार हजार ठिपक्यांचा असेल, तर आठही प्रती एकमेकांवर चढतात. म्हणून नोंदीची पहिली पायरी नेहमी आकार ठरवून घेण्याची ठेवावी.

दुसरी वाट पाठांतराची नसून समजुतीची आहे. छोटी स्क्रिप्ट लिहायची, जी कागदाचे माप, फोटोचे माप आणि फट एवढेच विचारते आणि बाकीचे स्वतः मोजते : एका ओळीत किती, किती ओळी, कडेला किती जागा, कागद आडवा बरा की उभा. फोटोशॉपमध्ये हे जावास्क्रिप्टने करता येते. ज्यांना सशुल्क सॉफ्टवेअर परवडत नाही त्यांच्यासाठी गिंप आहे. १९९६ पासून सर्वांना मोफत असलेल्या या सॉफ्टवेअरमध्येही स्क्रिप्टची सोय आहे. आणि ज्याला खिडक्या, बटणे काहीच नको, त्याच्यासाठी इमेजमॅजिक नावाचे मोफत साधन आहे. त्यातील ‘मॉन्टाज’ ही आज्ञा एका ओळीत आठ फोटो मांडून देते. बारावीत संगणक विषय घेतलेला घरातला मुलगा हे एका सुट्टीत करू शकेल. दुकानदार वडिलांनी त्याला मापे सांगावीत, त्याने गणित बसवावे. असे काम शिकवणीच्या कोणत्याही प्रकल्पाहून अधिक शिकवून जाते, कारण चूक झाली तर ग्राहक लगेच परत येतो.

चुका बहुधा संगणकात होत नाहीत, छापण्याच्या खिडकीत होतात. तिथे ‘कागदावर बसवा’ असा एक पर्याय आधीच निवडलेला असतो. तो चित्र थोडे लहान किंवा मोठे करतो, आणि ३.५ सेंटिमीटरचा फोटो ३.३ चा होऊन बाहेर येतो. डोळ्याला हा फरक दिसत नाही, पण खिडकीपलीकडच्या कारकुनाच्या चौकटीत तो बसत नाही. घरगुती छोट्या प्रिंटरांचा ‘पोस्टकार्ड’ कागद तर चार बाय सहा इंचांचा नसतोच. तो १०० बाय १४८ मिलिमीटरचा असतो, आणि वर मोजलेल्या मांडणीत त्याच्या कडेला एकच मिलिमीटर उरतो. आणखी एक बारीक गोष्ट : पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो पांढऱ्या कागदावर छापला की त्याची हद्दच दिसत नाही. कुठे कापावे हे कात्रीला कळावे म्हणून प्रत्येक फोटोभोवती फिकट राखाडी केसाएवढी रेघ घालावी. ही रेघ घालण्याचे काम यंत्राकडे सोपवले की कापणाऱ्याचे डोळे वाचतात. पहिला कागद छापला की पट्टीने मोजावा. तो बरोबर आला की पुढचे शंभर बरोबर येतात, चुकला की शंभरही चुकतात. यांत्रिकीकरणाचा हा स्वभावच आहे.

चेहरा कापून घेण्याचे काम मात्र निराळे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकानुसार हनुवटीपासून माथ्यापर्यंतचा चेहरा फोटोच्या सुमारे ७० ते ८० टक्के उंचीत यावा, नजर समोर असावी, डोळ्यांवर केस किंवा चष्म्याची चमक नसावी. चेहरा शोधणारी साधने आता हेही करतात, आणि बहुतेक वेळा बरे करतात. परंतु डोक्यावरून पदर घेतलेल्या आजीबाईंचा माथा कुठे संपतो आणि पदर कुठे सुरू होतो, हे यंत्राला नीट उमगत नाही. मान किंचित कललेली राहण्याची सवय असलेल्या आजोबांना ‘बाबा, थोडं इकडे पाहा’ असे सांगणारे कुणीतरी लागतेच. शिवाय हल्लीची मोबाइल ॲप फोटो घेतानाच त्वचा उजळतात, गाल बारीक करतात, डोळे मोठे करतात. घरच्यांना तो चेहरा आवडतो. ओळख पटवणाऱ्याला तो परका वाटतो. २०२५ च्या सप्टेंबरपासून दुबईसह अनेक ठिकाणच्या भारतीय वाणिज्य दूतावासांनी पासपोर्टसाठी ६३० बाय ८१० ठिपक्यांचा, बदल न केलेला फोटो मागायला सुरुवात केली आहे. गुणोत्तर तेच जुने, ३५ ला ४५. फक्त कागद गेला आणि ठिपके आले.

समाजाच्या कामात या मांडणीचा उपयोग आणखी एका ठिकाणी होतो, आणि तिथे चुकीची किंमत फोटोच्या कागदाहून फार मोठी असते. परिचय संमेलनाची पुस्तिका काढायची म्हटले की विवाहेच्छुक मुलामुलींचे शेकडो फोटो कार्यकर्त्यांकडे येतात, बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरून. कुणाचा फोटो लग्नातल्या गर्दीतून कापलेला, कुणाचा बागेतला, कुणाचा दहा वर्षांपूर्वीचा. सगळे एका आकारात आणून पानावर ओळीने मांडायचे, खाली नाव, शिक्षण, गाव. रात्र-रात्र बसून हे करणाऱ्या कार्यकर्त्यांचे कष्ट यंत्र नक्कीच वाचवते. पण यंत्र फोल्डरमधील फाइली नावाच्या क्रमाने उचलते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलीच्या नावात माणसाचे नाव नसते, तारीख असते. यादी एका क्रमाने आणि फोटो दुसऱ्या क्रमाने, असे एकदा झाले की एका जागेचा घसरलेला फोटो पुढची सगळी पाने घसरवत नेतो. एखाद्या मुलीच्या नावावर दुसरीचा चेहरा छापला जाणे, ही शुद्धिपत्रकाने भरून निघणारी चूक नव्हे. जुन्या दुकानदाराची पाकिटावर क्रमांक लिहिण्याची शिस्त इथे पुन्हा आठवावी : अर्ज आला की त्याला क्रमांक द्यावा, फोटोच्या फाइलीला त्याच क्षणी तोच क्रमांक द्यावा, आणि यादीतही तोच. मांडणी क्रमांकावरूनच व्हावी. छापण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाला त्यांचा चौकोन दाखवून होकार घ्यावा. पालकांना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितले तर व्हॉट्सअ‍ॅप तो आवळत नाही आणि छपाई स्वच्छ येते.

शाळेच्या ओळखपत्रांनाही हेच लागू आहे. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला चार फोटो द्यायचे, तर एका कागदावर दोन मुले बसवता येतात, वरची ओळ एकाची, खालची दुसऱ्याची. साठ कागदांऐवजी तीस लागतात. बचत खरी आहे. मात्र प्रत्येक ओळीच्या कडेला उरलेल्या जागेत हजेरी क्रमांक बारीक छापला नाही, तर कापल्यानंतर दोन जुळ्या बहिणींचे फोटो कोणते कुणाचे, हे त्यांच्या आईलाच विचारावे लागेल.

आणखी एक हिशेब कुणी फारसा मांडत नाही. मांडणी स्वयंचलित झाली की दुकानाच्या संगणकात चेहऱ्यांचे फोल्डर साचत जाते. शेजारीच आधारची, गुणपत्रिकेची, बँकेच्या पासबुकाची स्कॅन केलेली प्रत. २०२४ च्या जुलैत ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्याची धांदल उडाली, तेव्हा राज्यभरच्या सेवा केंद्रांत आणि दुकानांत किती भगिनींचे फोटो व कागद असे एकत्र साचले असतील, याचा विचारच पुरे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. पण दुकानातल्या संगणकावर पासवर्ड एकच असतो आणि तो भिंतीवर चिकटवलेला असतो. जी स्क्रिप्ट फोटो मांडते, तिलाच महिन्याहून जुन्या फाइली पुसून टाकायला सांगता येते. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात. ग्राहकानेही फोटो घेताना ‘फाइल ठेवणार की पुसणार?’ एवढे विचारायला संकोच करू नये.

राहिला दुकानाचा प्रश्न. हंगामात मांडणी करायला ठेवलेला कॉलेजचा मुलगा उद्या लागणार नाही, हे उघड आहे, आणि ते वाईटच आहे. त्या दोन महिन्यांच्या पगारातून कुणाची तरी फी भरली जात असे. पण त्याची नोकरी केवळ स्क्रिप्टने घेतली असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हाच हे दुकान आतून बदलू लागले होते. आधारचा फोटो केंद्रावरच निघतो, पासपोर्टचा फोटो सेवा केंद्राच्या खिडकीवर निघतो, आणि ऑनलाइन अर्जांना कागदी फोटो नको असतो. ठरावीक केबीत बसणारी फाइल हवी असते. कागदाचा खप कमी होतो आहे. वाढते आहे ते निराळेच काम : नाकारलेला फोटो घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला तो का नाकारला गेला हे समजावणे, आणि अर्जाची मुदत संपण्याआधी दुसरा काढून देणे. हंगामी मुलाला ठेवायचेच असेल तर त्याला या कामावर ठेवावे.

एक ग्राहक मात्र अजून पूर्णपणे दुकानाचाच आहे. चार वर्षांखालील बालकाच्या पासपोर्टसाठी पांढऱ्या पार्श्वभूमीचा, ४.५ बाय ३.५ सेंटिमीटरचा फोटो पालकांना सोबत न्यावा लागतो. सहा महिन्यांचे बाळ खुर्चीवर बसत नाही, म्हणून त्याला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून फोटो घेतात. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेले हवे, आईचा हात चौकटीत यायला नको. आई एका बाजूने खुळखुळा वाजवते, आजी दुसऱ्या बाजूने टाळ्या वाजवते, आणि बाळ नेमके तिसरीकडे पाहते. मांडणीला यंत्राला एक क्षणही लागत नाही. त्याआधीचा अर्धा तास ‘पाच मिनिटांत फोटो’ या पाटीत कुठेच धरलेला नसतो, आणि त्याचे वेगळे पैसे कोणी मागतही नाही.